दुसरी पिशवी

वसईच्या त्या छोट्या इस्पितळात जोआना सिस्टरचा नियम पक्का होता. पेशंटनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगितल्याशिवाय रक्ताची पिशवी लावायची नाही.

काल लिडियाच्या अंगात रक्त असं उरलंच नव्हतं. "लिडिया डिमेलो," ती कशीबशी पुटपुटली होती. पण एका पिशवीनंच गालांवर रंग चढला. आज बाई उठून बसली होती, पेज संपवून वर पाव मागत होती.

दुसरी पिशवी घेऊन सिस्टरनं विचारलं, "नाव सांगा."

"लिडिया डिमेलो!" आवाज पार जिन्यापर्यंत खणखणला.

"लिडिया डिमेलो..." शेजारच्या रिकाम्या खाटेवरून कालचाच तो मरगळलेला आवाज आला.

सिस्टर पिशवी घेऊन त्या रिकाम्या खाटेकडे वळली.

लिडियानं हसत हात पुढे केला. "मलाच लावा, सिस्टर. तिला एक थेंबही देऊ नका."