लाँड्रीतली तीन भुतं

“मेली ओली चादर दिलीत मला! भुताला सर्दी झाली तर?”

दोरीवरच्या चादरींमागून कुजबुज आली आणि वाळवणाच्या खोलीत लवंडलेल्या मालकांनी एक डोळा उघडला. दुपारी ते तिथेच झोपत. कपडे वाळवायला शेगडी पेटलेली असे, ऊब फुकट मिळे. गल्लीत त्यांना ‘चिमटा’ म्हणत. एकदा धरलं की सोडत नसत.

चादरी हलल्या. पांढरं काहीतरी पुढे आलं.

“बाळा, मी तुझी आई,” भूत घोगऱ्या आवाजात म्हणालं.

मालकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कोपऱ्यात गिऱ्हाइकाची लाल दोऱ्याची खूण. खाली बहिणीच्या चपला.

“आई, ही लॉजची चादर. संध्याकाळी पोचवायचीय. जरा वर धर, जमिनीला लागतेय.”

भुताने मुकाट्याने चादर गुडघ्यापर्यंत उचलली.

बेत बहिणीचाच. त्याला कारण होतं मुलाचा फोन. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच आलेला. “बाबा, मुलगी झालीय. घेऊन येऊ का?” मालक म्हणाले, “येण्याजाण्याचा खर्च कशाला?” आणि फोन ठेवला. तेव्हापासून मालकीणबाई बोलेनाशा झाल्या होत्या. मुलगा कुठे असतो असं कुणी विचारलं, की घरात उत्तर ठरलेलं: नोकरीसाठी बाहेरगावी गेलाय. त्याच्या खोलीत दिवा किती वेळ जळतो, याचा हिशेब मालकांनी भर जेवणात, नव्या सुनेसमोर मांडला होता आणि दुसऱ्याच दिवशी दोघं निघून गेली होती, हे कुणी काढत नसे.

“माणसांचं ऐकत नाही, निदान भुतांचं तरी ऐकेल,” असं बहीण म्हणाली होती. भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य, अशी तीन भुतं तिने वाटून दिली होती.

“लहानपणी किती मायाळू होतास रे,” आईचं भूत म्हणालं. “अर्धं बिस्किट बहिणीला द्यायचास.”

“द्यायचो कुठला! ती हिसकावून घ्यायची.”

“खोटारड्या!” भूत बहिणीच्या आवाजात ओरडलं आणि सटकलं.

दुसरं भूत शिंकतच आलं. इस्त्रीवाल्या मावशी.

“मी वर्तमानकाळ. तुझ्या लाँड्रीत एक फार गुणी बाई इस्त्री करते. तिच्या इस्त्रीची मूठ तुटलीय. फडकं गुंडाळून धरते बिचारी.”

“अहो, मुलाचं बोला, मुलाचं,” मागून बहीण दबक्या आवाजात म्हणाली.

“हां, त्याचंही बघ. पण आधी मूठ.”

मालकांना हसू आवरेना. “तिसरं पाठवा आता. शेगडी विझायच्या आत.”

तिसरं भूत भविष्याचं. त्याला संवादच नव्हता, नुसतं बोट दाखवायचं. म्हणूनच मालकीणबाई तयार झाल्या होत्या.

त्या येऊन उभ्या राहिल्या. मालकांची नजर सवयीने कोपऱ्याकडे गेली. खूण नव्हती. चादर घरची होती, मुलाच्या पलंगावरची. पलंग रिकामाच, तरी ही चादर नेमाने धुतली जायची आणि साबण वाया जातो म्हणून मालक करवादायचे.

“बोला भूतमहाराज,” ते म्हणाले. “माझं पुढे काय होणार?”

बोट उठलं नाही. चादरीवर डोळ्यांच्या जागी दोन ओले ठिपके उमटले. हळूहळू मोठे झाले.

मालकांचा जन्म लोकांचे डाग काढण्यात गेला होता. ते त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. मागे मावशींना शिंक आली, ती बहिणीने त्यांचं नाक धरून दाबली.

मालक उठले. खिशातून फोन काढला आणि मुलाचा नंबर लावला. आजवर त्यांनी कुणालाही दिला तो मिस्ड कॉलच. दोन रिंगा, की कट. मुलाला ते पाठ होतं, त्यामुळे पलीकडे कुणी उचलेना. तो कट व्हायची वाट बघत असणार.

फोन वाजत राहिला. मालकांनी तो वाजू दिला.

“बाबा?” शेवटी आवाज आला. “काय झालं? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. इथेच उभी आहे, चादर घेऊन.” मालक त्या चादरीकडे वळले. “ऐक. तू नोकरीसाठी नाही गेलास. मी घालवलं तुला.”