लामाराचं झाड

"तोडून टाक ते झाड," लामारा भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "पुरे झाली त्याची सेवा."

आर्वेदने सूपचा वाडगा तिच्या पलंगाशी ठेवला. इतकी वर्षं हेच तो तिला ऐकवत आला होता. "एस्टोनियाच्या बर्फात बिही! त्यापेक्षा मांजरीला पोहायला शिकव."

लामारा दूर दक्षिणेच्या उबदार जॉर्जियाची. लग्न होऊन इथे आली आणि दुसऱ्याच वसंतात तिने न्हाणीघराच्या उबदार भिंतीलगत बिहीचं, म्हणजे मुरांब्याच्या त्या पिवळ्या, सुवासिक फळाचं रोप लावलं. हिवाळ्यापूर्वी खोडाला गोणपाट गुंडाळायची, मुळांशी पेंढा रचायची. बर्फ वितळला की गारठून काळ्या पडलेल्या फांद्या छाटायची. झाड फुलायचं, फळंही धरायची. पण पिकायच्या आत थंडी गाठायची आणि दगडासारखी हिरवी फळं गळून पडायची. माहेरची ओढ, दुसरं काय, असं आर्वेद मनात म्हणायचा. तोंडाने मात्र थट्टाच करायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात ती पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण तिने अंथरूण धरलं ते धरलंच. डॉक्टर चालायला सांगत, ती उठेना. आता झाडही नको म्हणाली, तेव्हा आर्वेद घाबरला.

त्याने कुऱ्हाड काढली नाही, शिडी काढली. पहिल्या गारठ्याचा इशारा रेडिओवर ऐकला आणि घरातली सगळी लोकरी पांघरुणं झाडावर चढवली. सकाळी काढायची, वाळवायची, संध्याकाळी पुन्हा चढवायची.

शेजारची साल्मे कुंपणावरून हसली. "काय रे आर्वेद, अंगाईपण म्हणतोस का त्याला?"

"तूच म्हण," तो शिडीवरून ओरडला. "तुझा आवाज ऐकून थंडी पळेल!"

बर्चच्या झाडांची पानं झडली. शेतातले बटाटे निघाले. आणि एका सकाळी पांघरूण ओढताना आर्वेदला वास आला. पानांआड फळं पिवळी झाली होती. फार नव्हती, पण टोपी भरली.

त्याने ती टोपी तशीच लामाराच्या उशाशी ठेवली. तिने एक फळ उचललं, अंगठ्याने त्याची लव पुसली आणि बराच वेळ नाकाशी धरून राहिली. मग पाय खाली सोडले.

"काठी दे माझी. मुरांबा आजच घालायला हवा."

आर्वेदने तिला दंडाला धरून चालवलं. "पहिला चमचा तुझा," तो म्हणाला. "तुझ्या माहेरचा मेवा."

लामारा दारातच थांबली. "माझा? मला बिही लहानपणापासून आवडत नाही. सोव्हिएत लष्करात असताना तुझी नेमणूक आमच्या गावी होती, तेव्हा आमच्या ओसरीवर बसून बिहीच्या मुरांब्याची अख्खी बरणी तू संपवलीस, आणि 'आमच्याकडे कुठलं हे मिळायला' म्हणून केवढा हळहळलास! नाहीतर मी कशाला लावलं असतं ते झाड?"