कठडा

निरोपसमारंभात प्राचार्य कौतुकाने म्हणाले, “पोरींचे गुडघे सुजले तरी कोचसर त्यांना स्टेडियमच्या पायऱ्यांवर पळवायचे. ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय’ म्हणायचे. म्हणून तर आज ढाली ठेवायला कपाट पुरत नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या सरांच्या मुलीने मात्र हाताची घडी सोडली नाही.

कार्यक्रम संपताच ती धडाधड पायऱ्या चढून स्टेजवर आली. “बाबा, याच कॉलेजात शिकत होते मी. तुमच्या सगळ्या पोरींना मागे टाकायचे. तरी संघात घेतलं नाहीत, स्टॉपवॉच देऊन कडेला बसवलंत. आज सांगाच, काय घोडं मारलं होतं मी तुमचं?”

“इथे तमाशा नको.”

“नाही, इथेच सांगा.”

सरांना फुलं द्यायला आलेली संघाची जुनी कॅप्टन तेव्हा स्टेजवरून उतरत होती. कठडा घट्ट धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, मग पुढची पायरी. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मुलीचा दंड धरून ते दातओठ खात म्हणाले, “उपकार मान माझे. आत्ता याच पायऱ्या तू कठड्याला हात न लावता चढलीस.”