बर्फ न टिकणारी जागा

रस्त्याखालून घराघरांत गरम पाणी नेणाऱ्या जुन्या पाइपांमधून इतकी उष्णता वाया जायची, की त्यांच्यावर बर्फ टिकतच नसे. लहानपणी आक्सेलची आई शाळेच्या बसथांब्यावर आधी जाऊन तिथली उबदार जागा धरायची. तो राय ब्रेडचा डबा घेऊन धावत आला, की ती जरा सरकायची. "ये, पाय शेकून घे."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. यंदा आक्सेलनेच गावभर जाड फोमचं आवरण असलेले, उष्णता न सोडणारे नवे पाइप टाकले. पहिल्याच हिमवर्षावात रस्ता सलग पांढरा झाला. मांजरंसुद्धा रुसून घरात बसली.

फक्त थांब्यापाशी दोन पावलांएवढा बर्फ वितळला होता.

"गळतंय बघ तुझं जोडकाम!" सोबत काम करणारी बोडिल हसली. तिने उष्णता दाखवणारा कॅमेरा तिथे रोखला आणि पडदा दोनदा पाहिला. "पाइपातून काहीच सुटत नाहीये रे. ऊब वरून येतेय."

आक्सेल वाकला. बाईची पावलं उमटली होती. ओली, वाफाळलेली.

"चल ना, गारठलो आपण!" बोडिल म्हणाली.

तो हलला नाही. त्याच्या डोळ्यांदेखत ती दोन्ही पावलं हळूच बाजूला सरकली.