कॅरॅव्हानचा परवाना

आमच्या हॉलंडात जड कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढायला वेगळा परवाना लागतो. आमच्या घरात तो एकट्या माझ्या नवऱ्याकडे, वाउटरकडे. सुट्टीत मी आपली बाजूला बसून कॉफी ओतून देणारी. यंदा मात्र तोच मागे लागला, "शीक गं तूपण." फी भरली. दर रविवारी रिकाम्या मैदानात गाडी मागे घ्यायला शिकवलं. "उलटं फिरव... अगं, उलटं! हां, बास!" लग्नानंतर त्यानं मला इतका वेळ कधी दिला नव्हता.

आज पास झाले. घरी आले तर दारावर झेंडा, आणि आमच्याकडे शाळेची शेवटची परीक्षा पास झालेल्या पोरांचं दप्तर टांगतात तशी झेंड्याला माझी जुनी पर्स! कॅरॅव्हान गाडीला जोडून तयार, तोंड रस्त्याकडे.

मी त्याला मिठीच मारली. "फ्रान्सला ना? अर्धा रस्ता मी चालवणार हं!"

"आत बघ तरी."

आतल्या कपाटात फक्त माझे कपडे होते. ओट्यावर एकच कप.

"घर मी ठेवतो. गाडी आणि कॅरॅव्हान तुला," वाउटर म्हणाला. "परवान्याशिवाय कसं पाठवणार होतो? पोलिसांनी पकडलं असतं ना तुला."