लिफ्टमधला बुटुक

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये गचका खाऊन थांबली आणि दिवाही गेला. कर्णिकांनी अंधारात भिंत चाचपली. त्यांच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरची छोटी शाल्मली होती. ती भोकाड पसरून रडायला लागली.

तिला धीर द्यायला हवा होता, पण बंद जागेत कर्णिकांचाच जीव घाबरा व्हायचा. पेशाने ते आवाजाचे कलाकार. टीव्हीवर अंतराळयानातल्या मंडळींचं एक विनोदी कार्टून लागायचं, त्यातल्या बुटुक नावाच्या भित्र्या आचाऱ्याला ते आवाज द्यायचे. एवढ्यात लिफ्ट करकरत वीतभर खाली घसरली.

"आई गं, मेलो!" कर्णिक किंचाळले.

रडणं एकदम थांबलं. "काका, तुम्ही टीव्हीतला बुटुक आहात?"

"हो," ते कसेबसे म्हणाले. त्यांना दरदरून घाम फुटला होता.

"मग मी कॅप्टन." अंधारातून एक चिमुकला हात आला आणि त्याने त्यांची बोटं घट्ट धरली. "बुटुक, खाली बस. डोळे मीट. यान फक्त बिघडलंय, पडत नाहीये. मी आहे ना!"

कर्णिक निमूट खाली बसले आणि ती सांगेल तसा श्वास घेत राहिले.

वॉचमनने लिफ्ट मजल्यावर आणून दार उघडलं तेव्हा शाल्मलीची आई रडवेली होऊन समोर उभी होती. लेकीला हसताना पाहून तिने हातच जोडले. "काका, किती छान रमवलंत हो तिला!"

कर्णिक भिंतीला धरून बाहेर आले. ते खरं काय ते सांगणार, तेवढ्यात शाल्मली म्हणाली, "हो गं आई. काका अजिबात घाबरले नाहीत."