आमेनशिवाय

"आमदारसाहेबांचं नाव घेऊन आशीर्वाद मागा, पाळकसाहेब. आपल्यासाठी देवानेच पाठवलाय तो माणूस," चर्चचे सेक्रेटरी साळवे दारातच म्हणाले.

"तो सैतान आहे. त्याच्या नाशासाठी प्रार्थना करा," तरुण संघाची अध्यक्ष सुवार्ता मागून म्हणाली.

पाळक शद्रक ओहोळांनी गळ्याची पांढरी पट्टी नीट बसवली. "तो माणूस आहे. माणसासाठी करतात तशी प्रार्थना करीन."

उपासनेत त्यांनी ती तशीच केली. आमदारासाठी सुबुद्धी मागितली आणि त्याने ज्यांची घरं पाडली, त्यांच्यासाठी न्याय मागितला. मग ते थांबले. बावीस वर्षं इथे मंडळीचं आमेन छताच्या पत्र्यापर्यंत जायचं. आज कुणाचे ओठही हलले नाहीत. साळव्यांचे नाहीत, सुवार्ताचेही नाहीत.

शेवटच्या बाकावरून एक अनोळखी गृहस्थ उठला. प्रार्थना चालू असताना त्याचा मोबाईल पाळकांवरच रोखलेला होता. मोबाईल तसाच धरून, पायातले बूट न काढता, तो सावकाश वेदीपर्यंत आला.

"घरं पाडली म्हणालात," तो शांतपणे म्हणाला. "हे तुमचं एकट्याचं म्हणणं, की या सगळ्यांचं?"

पाळकांनी बाकांकडे पाहिलं. प्रार्थना केव्हाच संपली होती, तरी सगळे डोळे मिटून, माना खाली घालून बसले होते.